मागून आणलेलं पाचट

धूर कमी करायचा आणि देशाची कमाईही वाढवायची, हे कसं जमायचं, अशी चर्चा टीव्हीवर लागली की मला काटेवाडीचं आमचं ओढ्याकडचं रान आठवतं.

आमच्याकडे ऊस तुटून कारखान्याला गेला, की मागं राहिलेलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवायचं. माझे सासरे, गावाचे तात्या, त्यात हौशी. रान स्वच्छ दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर काजळी बसायची, ती मात्र मी बघायची. माझं माहेर बावड्याचं. तिथं पाचट सरीत कुजवायचे, पाणी कमी लागायचं आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक, जोमदार यायचा. हे मी इतक्यांदा सांगितलं, की शेवटी तात्या कंटाळून म्हणाले, "एकच वर्स. ओढ्याकडचं रान तुझं. खोडवा न्हाय साधला, तर पुन्हा इषय काढायचा न्हाय."

मी खूश. तोड झाली आणि नेमकं तेव्हाच तात्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. आम्ही बारामतीला दवाखान्यात. परत आलो, तर शेजारचे आबा फाटकातच उभे. दोघांची बांधाला बांध लागून शेती, अडीअडचणीला एकमेकांची कामं करायची जुनी रीत.

"तात्या, तुमी डोळ्याला जपा," ते म्हणाले. "माझ्याबरोबर तुमचं बी रान पेटवून घेतलंय."

मला रडूच कोसळलं. इतक्या मायेनं केलेल्या कामावर चिडायचं तरी कसं? तात्या काळा चष्मा लावून ओढ्याकडे तोंड करून उभे होते. मनातून सुटल्यासारखं वाटलं असेल म्हाताऱ्याला, असं मला वाटलं.

मग ते म्हणाले, "आबा, तुझ्या खालच्या रानातली तोड ऱ्हायलीय न्हवं? तितलं पाचट मला लागंल."

"पाचट कुणी मागून नेतं व्हय?"

"मी नेणार. सूनबाईला शब्द दिलाय."

ऑपरेशन डोळ्याचं झालं की डोक्याचं, अशी चेष्टा बरेच दिवस चालली. पण आबांची तोड होताच तात्यांनी ट्रॅक्टर-ट्रॉली लावून पाचट आणलं आणि काळ्या रानात सरी सरीनं अंथरायला लावलं. चष्मा लावून स्वतः बांधावर बसले होते. मला त्या दिवशी ते फार देखणे दिसले.

खोडवा असा आला, की जाणारा-येणारा गाडी थांबवून बघायचा. उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबली, तरी रान ओल धरून होतं.

पुढच्या तोडीला तात्या मुद्दाम आबांना म्हणाले, "काय, ट्रॉली लावू का?"

आबा बांधावरून हलले नाहीत. "न्हाय तात्या. औंदा पाचट मागायचं न्हाय. माझं मलाच लागंल."

त्या दिवशी मी दोन्ही घरच्या गोधड्या धुऊन दोरीवर टाकली.