बुडण्याची तालीम

"लूप बाहेर! तो लूप आधी बाहेर काढा!"

आमची गाईड डेना किनाऱ्यावरून ओरडत होती, आणि आवाज असा की पलीकडे कॅनडातल्या चार माणसांनी तरी आपापले खिसे चाचपले असतील.

मी कयाकमध्ये (लांब, निमुळती होडी, वल्हवणाऱ्याने कमरेइतक्या भोकात शिरून बसायचं) खोचल्यासारखा बसलो होतो. कमरेला स्प्रे-स्कर्ट, म्हणजे रबरी घेर. त्याची कड भोकाभोवती ताणून बसवली की आत पाणी येत नाही. घेराला पुढे एक पट्टीचा लूप असतो. होडी उलटली की तो ओढायचा. घेर सुटतो, माणूसही सुटतो. आता मी मुंजीत सोवळं नेसायला शिकलेला माणूस. कुठलंही टोक मोकळं दिसलं की माझा हात ते खोचून टाकतो. तसा तो लूपही मी घेराखाली छान, सुरकुती न पडू देता खोचला होता.

डेना कमरेएवढ्या पाण्यात आली, लूप ओढून बाहेर काढला आणि शांतपणे म्हणाली, "फार सुबक काम केलंत. बुडालाही असतात सुबकपणे."

होडीचं टोक धरून माझी मुलगी रेवा उभी होती.

ही सगळी तिचीच कल्पना. रेवा सिअॅटलला फिजिकल थेरपिस्ट आहे, मी मिशिगनमधल्या नोव्हायला गाड्यांचे ब्रेक डिझाइन करून निवृत्त झालेला. सिअॅटलच्या वर, कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या सान हुआन बेटांमध्ये चार दिवस कयाकने फिरायचं, रात्री बेटांवर तंबू ठोकायचे, दोघांनी एकाच दुहेरी होडीत. तिने फोनवर सहलीचा फॉर्म वाचून दाखवला: पोहता कितपत येतं? मी म्हटलं, लिही, एक्सपर्ट.

दुसरं काय सांगणार? ती लहान असताना मी तिला सांगत असे की मिरजेला असताना मी पुरातली कृष्णा एका हाताने पार केली, दुसऱ्या हातात दप्तर कोरडं धरून. पुढेपुढे दप्तराची जागा म्हशीच्या रेडकाने घेतली. खरी गोष्ट अशी की पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला विहिरीत तीन दिवस सोडलं. चौथ्या दिवशी डबा गळला आणि मी पोहण्यातून निवृत्त झालो.

सकाळची तयारी मजेत झाली होती. डेनाने ताडपत्रीवर सगळ्यांचं सामान मांडायला लावलं. कयाकच्या पोटातल्या कप्प्यांची झाकणं जेमतेम भाकरीएवढी, आणि रेवाच्या आईने, आमच्या सुनंदाने तर नोव्हायहून एका मध्यम आकाराच्या लग्नाचा फराळ पाठवला होता. स्टीलचे डबे आत जाईनात. डेनाच्या सांगण्यावरून आम्ही चिवडा आणि मेथीचे लाडू प्लॅस्टिकच्या मऊ पिशव्यांत ओतले. रिकामे डबे मागे राहिले तेव्हा मला कुणाला तरी स्टेशनवर विसरल्यासारखं झालं. डेनाने एक लाडू चावून बघितला आणि विचारलं की हे औषध दिवसातून किती वेळा घ्यायचं.

मग वेटसूट. तो रबरी पोशाख चढवताना माझं वजन पाच किलोंनी आणि आयुष्य दोन वर्षांनी कमी झालं.

आणि त्यानंतर ही तालीम. प्रत्येकाने मुद्दाम होडी उलटी करायची, पाण्याखाली डोकं खाली लटकत असताना होडीच्या अंगावर तीन थापा मारायच्या, लूप ओढायचा, बाहेर यायचं. ज्याला जमणार नाही तो उद्या निघणार नाही. नियम एवढाच.

लूप बाहेर काढून डेना बाजूला झाली. "तयार?"

मी रेवाकडे बघितलं. ती कॉलेजला गेल्यापासून आम्ही सलग चार दिवस एकत्र काढले नव्हते. दर वेळी कुणाची तरी मीटिंग. खरं सांगितलं तर कदाचित घरी रवानगी. नाही सांगितलं तर डेना मला एक्सपर्ट समजून आरामात उभी राहील.

"मला पोहता येत नाही," मी म्हणालो. "फॉर्ममध्ये खोटं आहे."

रेवा एका सीगलकडे फार लक्ष देऊन बघायला लागली. डेनाने माझ्या लाइफ-जॅकेटचे पट्टे आणखी आवळले. "पोहायचं काम जॅकेटचं. तुमचं काम तीन थापा. मी इथेच आहे." आणि होडी उलटली.

खाली सगळं हिरवं होतं. पाणी असं गार की विचारसुद्धा मराठीत सुरू होऊन मध्येच थिजत होते. एक थाप. दोन. तिसरी मी बहुधा डेनाच्या पायावर मारली. मग लूप हाताला लागला, ओढला, आणि मी बाटलीच्या बुचासारखा वर आलो, नाकातोंडातून अर्धा पॅसिफिक सांडत. डेनाने अंगठा वर केला.

गेलो. चारही दिवस गेलो. भरतीच्या प्रवाहात दीड तास वल्हवून आम्ही त्याच खडकासमोर राहिलो. मेथीचे लाडू रकूनने (तोंडावर काळा मुखवटा असलेला तिथला चोर प्राणी) पिशवी फोडून खाल्ले, आणि बिचारा पुन्हा दिसला नाही. ऑर्का व्हेलची एक पाठ लांबून दिसली. नोव्हायला पोचेपर्यंत माझ्या गोष्टीत तिचं कुटुंब होणार याची मला खात्री होती.

परतीच्या फेरीबोटीत आम्ही वरच्या डेकवर कॉफी घेऊन बसलो. खांदे माझे राहिले नव्हते. मला वाटत होतं की माणसाने साठीनंतर एकदा तरी मुलीसमोर खरं बोलावं, मग गार पाण्याचं फारसं वाटत नाही. हे तिला सांगावं म्हणून मी सुरुवात केली. म्हटलं, रेवा, त्या फॉर्मचं तुला वाईट वाटलं असेल.

तिने कॉफीचं झाकण उघडून आत बघितलं.

"नाही बाबा. तू फोन ठेवलास तेव्हाच मी ते एडिट केलं. नॉन-स्विमर लिहिलं."