निथळू द्या

दोन्ही हात कोपरात वाकवून वर धरलेले, बोटं छताकडे, आणि कोपरांवरून पाणी टपटपतंय. सिनेमात पोलिसांनी बंदूक रोखल्यावर माणसं उभी राहतात, तसे आम्ही सगळे तिच्यापुढे उभे राहायचो. मी राहायचे, आमचे मोठे डॉक्टर राहायचे, आणि गावोगावहून आलेले बाप, आत्या, आजोबाही राहायचे. ती दाराला पाठ टेकून म्हणायची, "निथळू द्या. घाई कुनाला हाय हितं?"

घाई तिला सोडून सगळ्यांनाच असायची.

बारामतीतल्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग होता. तिथली ती इनचार्ज सिस्टर. सगळे तिला आक्का म्हणत. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते मी इथे लिहीत नाही. लिहायला घेतलं असतं तर तिने आधी विचारलं असतं, "पेन पुसलं का?"

हात धुवायच्या बेसिनवर एक खिडकी होती. तिच्यातून कालवा दिसायचा आणि कालव्यापलीकडे ऊस. हात निथळेपर्यंत करण्यासारखं दुसरं काहीच नसायचं, म्हणून माणसं बाहेर बघायची आणि बघता बघता बोलायला लागायची. भिगवणचा एक मासेवाला तिथेच उभ्या उभ्या मला सांगायचा की धरणाचं पाणी उतरलंय, पक्षी आलेत, पोरगी घरी आली की तिला होडीतून दाखवणार. पोरगी तेव्हा दोन तळहातांत मावेल एवढी होती. खिडकीतला तो उजेड आणि आतली ती ऊब मला अजून आठवते. आत काचेच्या पेट्या, निळसर दिवे, यंत्रांची टिकटिक. आठवड्याभराने ती टिकटिक कानांना जाणवेनाशी व्हायची आणि आपण पाण्याखाली वावरतोय असं वाटायचं. बाळं झोपेत हसायची. सटवाई हसवते, असं आमच्याकडे म्हणतात. एका शिकाऊ सिस्टरने एकदा तसं म्हटलं, तर आक्का म्हणाली, "हसवू दे की. फकस्त हात धुवून ये म्हनावं तिला."

आता तिच्या दुसऱ्या वाक्याविषयी. इतक्या लहान बाळाला दूध पचत नाही. मग हाताच्या शिरेतून एक बारीक नळी थेट हृदयाजवळ नेऊन ठेवायची आणि तिच्यातून त्याचं पोषण करायचं. आम्ही तिला लाइन म्हणतो. ही लाइन बाळाला जगवते. पण कुणाच्या तरी न धुतलेल्या बोटावरून जंतू त्याच वाटेने रक्तात उतरला, तर तीच बाळाच्या जिवावर उठते. जितके दिवस लाइन जास्त, तितका धोका जास्त. हे मी पुस्तकात बऱ्याच पानांत वाचलं होतं. आक्काने ते एका प्रश्नात बसवलं होतं. रोज सकाळी राउंडला प्रत्येक पेटीपाशी ती विचारायची, "ही लाइन आज लागती का?"

काल लागत होती, हे उत्तर तिला चालत नसे. "कालचं काल ऱ्हायलं. आज?" लागते म्हटलं की "का?" असा पुढचा प्रश्न यायचा. कारण पटलं तर मान हलवून "मग ऱ्हाऊ दे" म्हणायची. नाही पटलं तर नुसतं "बरं." त्या "बरं"ला आमचे मोठे डॉक्टरसुद्धा टरकून असत.

मी पुण्याहून नुकतीच डॉक्टरी शिकून आले होते आणि मला सगळं येत होतं. तेव्हा कळस गावच्या एका आबांची नात आमच्याकडे आली. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेली, वजन किलोच्या आत. आबांची भाजीपाल्याची रोपवाटिका होती आणि गालात कायम तंबाखू असायचा. पहिल्याच दिवशी आक्काने त्यांना दारात अडवलं.

"आबा, तुमच्या शेडनेटमधी मिरचीच्या रोपापाशी कुनी तंबाखू मळल्याला हात घिऊन शिरला तर?"

"हाकलून दितो त्याला. तंबाखूचा रोग लागतो रोपास्नी."

"मग मी काय करू तुमचं?"

आबा निमूट बाहेर गेले, चूळ भरली, डबी मोटरसायकलच्या डिकीत टाकली आणि साबणाने कोपरापर्यंत हात घासून आले. दुसऱ्या दिवशी पाहते तर रांगेतल्या एका चांगल्या शिकलेल्या गृहस्थांना ते आक्काच्याच सुरात सांगत होते, "निथळू द्या, सायेब."

पाचव्या दिवशी आबा शाळेच्या वहीचं एक पान आणि पेन्सिल घेऊन आले. एवढा मिशीवाला माणूस, पण पान पाठीमागे लपवून उभा. "आमच्या मंडळींनी दिलंय," ते म्हणाले. "पाचवी हाय आज. उशाशी ठिवा म्हनली." पाचवीला सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, तिच्यासाठी हा कोरा कागद. मी व्याख्यान द्यायला तोंड उघडलं, पण आक्का आधी बोलली. "आत न्हाय ठिवता यायचं, आबा. हितं बेसिनच्या खिडकीत ठिवा. आली की आधी हितंच थांबंल, हात धुवंल, लिवंल, आन मग आत जाईल." आबांना ते अगदी रीतसर वाटलं. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी कागदावर साबणाची बाटली ठेवली.

त्या मुलीची लाइन मी घातली होती. चौथ्या प्रयत्नात शीर सापडली होती आणि मला त्याचा फार अभिमान होता. दहाव्या दिवशी तिला दूध जवळजवळ पूर्ण पचायला लागलं.

"मॅडम, ही लाइन आज लागती का?"

"राहू दे, आक्का, अजून दोन दिवस. दूध नाही सोसलं तर पुन्हा शीर मिळायची नाही."

हे खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. ती सगळी खटपट पुन्हा करावी लागेल, याचा मला कंटाळा होता आणि आपण घातलेली लाइन काढवत नव्हती.

"बरं," आक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. फाइलमधून मान वर न करता मी म्हटलं, "उद्या बघू."

"बरं."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मला दारातच भेटली. तिने प्रश्न विचारला नाही. म्हणाली, "पोरगी गप हाय."

मुलीचा रंग राखेसारखा झाला होता. मधेच श्वास थांबायचा, तळपायाला टिचकी मारली की पुन्हा सुरू व्हायचा. आम्ही रक्त तपासायला पाठवलं, लाइन काढली, औषधं सुरू केली, तिला श्वासाच्या यंत्रावर घेतलं. रक्तात जंतू निघाले. ते लाइनमधूनच आले असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, असं मोठे डॉक्टर म्हणाले. मला मात्र वेगळं सांगायची गरज नव्हती.

दुपारी मी बेसिनपाशी नळ सोडून नुसती उभी होते. आक्का आली.

"तुम्ही दोनदा विचारलं होतं," मी म्हटलं.

"व्हय."

असू दे, होतं असं, वगैरे ती काही बोलली नाही. तिने नळ बंद केला. मग साबणाची बाटली उचलली, तो कागद कडेला धरून माझ्यासमोर केला आणि उलटून त्याची मागची बाजूही दाखवली.

"बघ पोरी. कोरा हाय अजून. तिनं काय लिवलं न्हाय, मग आपुन कशाला आधीच लिवायचं? हात धू, आन चल."

मला मॅडम सोडून ती दुसरं काही म्हणाली, ती ही पहिली वेळ. मी हात धुतले. निथळू दिले आणि तिच्यामागून आत गेले.

पुढचे आठ दिवस आबा रोज दुपारी यायचे. गरज नसतानाही हात वर धरून खिडकीपाशी उभे राहायचे, कालव्याकडे बघत. मी त्यांना लाइनचं सगळं सांगितलं होतं, माझ्या आळसासकट. ते फक्त म्हणाले होते, "आमचं बी रोप जळतं कधी हातानं."

नवव्या दिवशी लंगोट बदलताना मुलगी रडली. आवाज मांजराच्या पिल्लाएवढा, पण चांगला रागावलेला. "भांडती आता," आक्का म्हणाली आणि तोंड फिरवून उगाच पेटीची काच पुसत राहिली. दीड महिन्याने आबा नातीला घरी न्यायला आले तेव्हा आक्काने तो कागद घडी करून त्यांच्या खिशात घातला. "कोराच हाय. मोठी झाली की तिलाच लिवू द्या." ती आता शाळेत जाते. कोपराच्या आतल्या बाजूला तिला तांदळाएवढा वण आहे.

आक्का निवृत्त झाली, गावी गेली. गेल्या हिवाळ्यात ती बारामतीतच दुसऱ्या एका रुग्णालयात असल्याचं कळलं. मी दुपारी गेले. पलंगावर ती फार थोडी उरली होती. मानेत लाइन होती. मला बघून तिने एक बोट मानेकडे नेलं.

"ही आज लागती का?"

मी तिची डॉक्टर नव्हते. तरी फाइल उघडून शेवटच्या पानापर्यंत वाचली.

"लागते, आक्का."

"का?"

मी राउंडला सांगावं तसं सांगितलं. रक्तदाब कुठे आहे, कोणतं औषध चालू आहे, ते दुसऱ्या शिरेतून का देता येत नाही. डोळे मिटून तिने सगळं ऐकून घेतलं. ती "बरं" म्हणेल या धास्तीने मी थांबले.

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

मी तिचा हात धरायला गेले.

"हात धुतलंस का?"

कोपऱ्यात बेसिन होतं. मी हात धुऊन, वर धरून तिच्यापाशी आले. या खिडकीतून कालवा दिसत नव्हता, समोर नुसती भिंत होती आणि भिंतीवर ऊन.

"निथळू दे. घाई कुनाला हाय, पोरी." मग म्हणाली, "सपान पडलं व्हतं. आपली सगळी पोरं मोठी झाल्याली. बेसिनपाशी रांगेत हुबी, हात वर करून."

"मग?"

"मग काय. निथळू दिलं, आन आत सोडलं."

माझ्या कोपरांवरून पाणी टपकत होतं. ते थांबलं, हात सुकले, तेव्हा तिला झोप लागली होती. मी तिचा हात धरून बसले. तिसऱ्या दिवशी पहाटे आक्का गेली. त्या सकाळी लाइन लागली नाही.