वळणावरचा हात

शाळेत शिकवत होते तेव्हा बाकाखाली लपवलेली चित्रकथा सापडली की मी ती सरळ जप्त करायचे. आता घरात सूनच चित्रकथा काढते. देवानं माझी चांगलीच जिरवली.

तिच्या भाकरीचा अजून नकाशाच होतो, पण टॅबलेटवर रोबोचं डोकं मात्र एका फटक्यात गरगरीत गोल! गेली काही वर्षं ती एकाच कथेत बुडालेली होती. पुढच्या कुठल्या तरी काळातलं नाशिक. गोदावरी काँक्रीटखाली गाडलेली आणि तिच्यावर शर्यतीचा रस्ता. माणसांना गाडी चालवायला बंदी. रोबो गाड्या पळवतात आणि जो जिंकेल त्याच्या वस्तीला त्या दिवशी पाणी. शर्यत सुरू होते ती तोफेच्या आवाजानं. बाईसाहेब देवळाली कॅम्पात, लष्कराच्या तोफखान्याशेजारी वाढलेल्या, तोफ उडाल्याशिवाय काही सुरू झाल्यासारखं त्यांना वाटत नसावं.

फुग्यांतले संवाद तपासायला ती मला द्यायची. शुद्धलेखन राहायचं बाजूला आणि मी पुढचं पान मागत सुटायचे. एकदा गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मी उठले नाही. इतकं ते सुरेख होतं, कबूल करायला लाज कसली?

त्यातला एक जुना, पोचे पडलेला रोबो नेहमी दुसरा यायचा. जुन्या पुलाजवळच्या वळणावर तो उजवा हात स्टिअरिंगवरून उचलून छातीला लावायचा. तेवढ्यात मागची गाडी पुढे निघून जायची.

"हा असं का करतो गं?" मी विचारलं.

"खाली नदी आहे ना, आई."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचे हे टॅक्सी चालवायचे. पंचवटीतल्या घरातून द्वारका चौकातल्या टॅक्सी स्टँडकडे निघाले, की गोदावरीच्या, म्हणजे आम्हा नाशिककरांच्या गंगेच्या, पुलावर यांचा हात छातीशी गेलाच म्हणून समजा. "अहो, दोन्ही हात ठेवा!" मी ओरडायचे. हे हसायचे. "रोज गंगेवरून जायचं आणि ओळख दाखवायची नाही? बरं दिसतं का?"

सुनेला त्यांचा सहवास फार थोडा मिळाला. मला त्या हातात नुसता अपघात दिसायचा. हिनं मागच्या सीटवर बसून माणूस पाहिला होता. मी तिच्यासमोरच रडले.

पुण्याच्या एका प्रकाशकांना कथा फार आवडली. अट एकच होती. यंत्राला कसला आलाय नमस्कार, तो हात काढा आणि नायकाला शेवटी जिंकू द्या. तिचं पहिलंच पुस्तक. मुलानं तर निम्म्या नातेवाइकांना आधीच सांगून टाकलं होतं. तिनं मुकाट्यानं पानं बदलली. रोबोचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आले, तो जिंकला, वस्तीतले नळ धो धो वाहू लागले. तिनं टॅबलेट माझ्यापुढे धरला. मला तो रोबो अगदी परका वाटला.

"छान झालंय," मी म्हटलं.

जन्मभर मुलांच्या थापा पकडल्या, पण मला स्वतःला एक धड मारता येत नाही. तिनं टॅबलेट ओढून घेतला आणि रोबोचा हात पुन्हा छातीवर रेखाटला. मग माझ्यासमोरच प्रकाशकांना फोन लावला. ते नीट बोलले, हीही नीट बोलली आणि पुस्तक हातचं गेलं.

मी भडकलेच. "अगं वेडे, इतक्या वर्षांची मेहनत! एवढ्याशा हातापायी पाण्यात घातलीस? हे असते तर त्यांनीच सांगितलं असतं, काढून टाक म्हणून."

"पुस्तक दुसरीकडे देता येईल, आई," ती म्हणाली. "घरातले सगळे अल्बम पाहिले मी. आपल्या सगळ्यांचे फोटो बाबांनी काढलेत. गाडी चालवतानाचा त्यांचा एकही नाही."