नऊ दगडांवरून मोजलेली नदी

अहिरेसाहेब गेल्याचं मला कळलं ते भाजीबाजारात. आमच्या जुन्या कचेरीतला शिपाई शंकर हातात मेथीची जुडी घेऊन समोर आला आणि म्हणाला, "बाई, आपले अहिरेसाहेब गेले ना... दहा दिवस झाले. तुमाला कोणी कळवलं नाय?" नव्हतं कळवलं. माझी त्या कचेरीतून बदली होऊन बरीच वर्षं झालेली, आणि निवृत्त माणसाच्या मरणाचं काही परिपत्रक निघत नाही. पुढच्या आठवड्यात कचेरीत शोकसभा झाली, तिला मी हट्टानं गेले. ज्यांनी साहेबांना जन्मात पाहिलं नव्हतं अशा एका तरुण अधिकाऱ्यांनी त्यांचं वर्णन 'शांत आणि मितभाषी' असं केलं आणि माझं डोकं फिरलं. अहिरेसाहेब मितभाषी नव्हते हो. ते वर्षानुवर्षं बोलत होते, ऐकत कोणी नव्हतं, एवढंच. पण सभेत उठून हे मी बोलले नाही. चहा प्यायले आणि घरी आले. तेव्हा राहिलेलं आता लिहिते आहे.

मी नाशकातल्या त्या कचेरीत ट्रेसर म्हणून लागले ती बहात्तरच्या दुष्काळानंतर लगेच. धरणं, कालवे, नदीचे काठ, अशी सगळी कामं आमच्याकडे. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा ट्रेसिंग क्लॉथवर काळ्या शाईनं उतरवायचा हे ट्रेसरचं काम. ट्रेसिंग क्लॉथ म्हणजे खळ लावून काचेसारखं गुळगुळीत केलेलं पातळ सुती कापड. अहिरेसाहेब तिथं ओव्हरसियर होते. सटाण्याकडचे, उंच, हडकुळे, पायात कायम चिखलाच्या चपला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कादवा नदीचं एक वळण उतरवायला दिलं. मी फ्रेंच कर्व्हची पट्टी लावून असं सुबक वळण काढलं की स्वतःवरच खूश झाले. साहेबांनी पाहिलं, ब्लेड घेतलं आणि माझी सगळी रेघ खरवडून टाकली. "देवरेबाई, रस्ता काढताना ही पट्टी वापरा. नदी हातानं काढायची, मापाच्या ठिपक्या-ठिपक्यावरून. ठिपका वाकडा पडला तर रेघ वाकडी." मला रडूच आलं. मग त्यांनी चहा मागवला आणि नदी कशी चालते ते समजावलं. एसटी वळणावर वळली की माणसं बाहेरच्या अंगाला कलंडतात, तसं पाणीही बाहेरच्या काठावर जाऊन आदळतं आणि तो काठ खात सुटतं. आतल्या अंगाला जोर कमी, तिथं वाळू टाकत जातं. म्हणून वळण जागेवर राहत नाही, ते खालच्या अंगाला सरकत राहतं. "तुम्ही आज काढलेली नदी पुढच्या दिवाळीला खोटी," असं म्हणून ते उठून गेले.

हे नुसतं बोलणं नव्हतं. निंबारखेड्याजवळ कादवेचं एक मोठं वळण आहे. तिथं काठावर साहेबांनी स्वतः नऊ दगड पुरून ठेवले होते. दर वर्षी भाऊबीज झाली की येणाऱ्या रविवारी ते एका खलाशाला, म्हणजे मोजणीची साखळी धरणाऱ्या मदतनिसाला, घेऊन सायकलवर जायचे आणि प्रत्येक दगडापासून समोरच्या काठापर्यंत नदीचा आडवा छेद मोजायचे... पाणी किती, वाळू किती, काठ कुठं. खात्यानं हे काम सांगितलेलं नव्हतं. खात्याच्या लेखी नदी एकदाच मोजायची असते, काम मंजूर होण्याआधी. साहेबांचं म्हणणं, तापकऱ्याचा ताप कोणी एकदाच बघतं का? मापं आणली की ती मी ट्रेसिंग क्लॉथवर उतरवायची. मग आम्ही या वर्षीचा कागद गेल्या वर्षीच्या कागदावर ठेवून खिडकीच्या काचेला लावायचो. ऊन मागून यायचं आणि दोन्ही नद्या एकदम दिसायच्या. वळण सरकत होतं. सरकत होतं ते निंबारखेड्याच्या नदीकाठच्या वस्तीकडे.

आता खरी गंमत. त्या गावासाठी काठ वाचवायची दगडी भिंत मंजूर झालेली होती. पण तिची जागा ठरली होती जुन्या मोजणीवरून, वळणाच्या वरच्या अंगाला, जिथं पूर्वी कधीतरी काठ ढासळला होता. आता नदीनं ती जागा सोडली होती. साहेबांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. स्मरणपत्र लिहिलं. त्यालाही नाही. मग कधीतरी मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "अहिरे, मंजुरी त्या जागेची आहे. जागा बदलली तर सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून. नदीला सरकायची मंजुरी कोणी दिली?" यावर केबिनमधले सगळे हसले म्हणे. साहेब बाहेर आले, माझ्या टेबलाशी थांबले. माझं माहेर मालेगावकडचं, त्यामुळे चिडले की ते माझ्याशी अहिराणीत बोलायचे. "ती काय आपली नोकर शे का?" एवढंच बोलले आणि पुढचं पत्र लिहायला बसले. मला त्या पत्रांचाही राग यायचा, खरं सांगते. दर पत्र 'सविनय सादर'. टेबलावर मूठ आपटायची तिथंही सविनय सादर. पण मूठ आपटायला ते कोणाच्या जोरावर आपटणार होते? वस्ती बौद्धांची, साहेबही बौद्ध. मापं कितीही खरी असली तरी कचेरीत कुजबुज एकच, आपल्या माणसांसाठी चाललंय सगळं.

आणि आता माझं.

आमच्या कचेरीत एक रीत होती. जुने, रद्द झालेले ट्रेसिंग क्लॉथ टाकून देत नसत, बायका घरी नेत. गरम पाणी आणि सोडा घालून भिजवलं की खळ निघते, शाई सुटते आणि खाली उरतं ते मलमलीसारखं मऊ कापड. त्याचे रुमाल व्हायचे, तान्ह्या बाळांची झबली व्हायची. अठ्ठ्याहत्तर साली मला दुसऱ्यांदा दिवस होते. रजेवर जायच्या आधी कपाट आवरून द्यायचं होतं. ज्या कागदाच्या कोपऱ्यात कचेरीचा नंबर नाही तो रद्द, असा आमचा ठोकताळा. साहेबांचे छेद खात्याचे नव्हतेच, त्यांना नंबर कुठून असणार? पाठ दुखत होती, मी गुंडाळ्या उलगडूनही पाहिल्या नाहीत. कोपरे तेवढे पाहिले आणि पिशवी भरली. घरी घंगाळात कापड भिजल्यावर तळाच्या तुकड्यावर मला माझंच अक्षर दिसलं. 'छेद ४'. तोवर पहिल्या चारही वर्षांची नदी पाण्यात विरघळली होती; नंतरचं तेवढं साहेबांच्या टेबलावर होतं म्हणून वाचलं. मग मी काय केलं? आता बुडालंच आहे तर बाळाला झबली तरी होऊ देत, असं स्वतःला समजावलं आणि कापड पिळून वाळत घातलं.

मुलगी झाली. बारशाला अहिरेसाहेब आणि वहिनी आले होते. साहेबांनी मुलीला मांडीवर घेतलं, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, कौतुकानं बघताहेत.

रजा संपवून मी कामावर आले आणि त्याच महिन्यात वरून एक वरिष्ठ साहेब तपासणीला आले. हा माणूस वेगळा होता. त्यांनी अहिरेसाहेबांची सगळी पत्रं वाचली, त्यांना समोर बसवलं आणि आम्हा सगळ्यांच्या देखत म्हणाले, "दोन वर्षांचे छेद आहेत तुमच्याकडे. पण एवढं सरकणं एखाद्या मोठ्या पुरानंही होतं. मला पहिल्या वर्षापासूनचे कागद दाखवा. नदी सहाही वर्षं एकाच दिशेनं जाते आहे असं दिसलं, तर भिंतीची जागा बदलायची शिफारस मी स्वतः करतो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं. मोजणीच्या वह्या तर भरल्या की जमा व्हायच्या, आणि जमा झालेली वही काही परत दिसत नसे. उरले ते कागद. साहेबांनी चार दिवस शोध घेतला. सगळी कपाटं उपसली, शिडी लावून माळ्यावर चढले, धुळीनं पांढरे होऊन खाली उतरले. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आले. "देवरेबाई, तुमच्या पाहण्यात?"

मी म्हटलं, "नाही, साहेब."

"असू द्या," ते म्हणाले आणि पुढचं कपाट उघडलं.

माझी नोकरी नवऱ्याच्या नोकरीपेक्षा पक्की होती, घरात दोन पोरं, सासू आजारी... ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. खरी आहेत. उपयोगाची नाहीत. वरिष्ठ साहेब परत गेले, कागद 'गहाळ' असा शेरा पडला आणि भिंत मंजूर जागी बांधली गेली. भक्कम बांधली, त्यात नाव ठेवायला जागा नाही. तिच्या पायाशी आज पाणी नाही, बाभळी आहेत.

दोन वर्षांनी श्रावणात नदी वस्तीत शिरली. साहेब आदल्या दिवसापासून तिथं ठाण मांडून होते. हातापाया पडून, शेवटी शिव्या घालून त्यांनी माणसं शाळेत हलवली. त्यामुळे माणूस एकही गेलं नाही. घरं अकरा गेली, विहीर गेली, समाजमंदिराची मागची भिंत गेली. आम्ही कचेरीची माणसं पाहणीला गेलो तेव्हा एक म्हातारी पत्र्याच्या पेटीवर बसली होती. ती साहेबांना म्हणाली, "तुमी दरसाल येऊन मोजत व्हते, साहेब. आमाला वाटलं, तुमीच तिकडं भित बांधली." पुढं चौकशी झाली. धोका वेळेवर पुराव्यानिशी निदर्शनास आणला नाही, असा ठपका त्यांच्यावरच आला आणि त्यांना मालेगावच्या गोदामावर पाठवलं, सिमेंटच्या गोण्या मोजायला. निवृत्तही ते तिथूनच झाले. मी त्यांना भेटायला कधी गेले नाही.

शोकसभेनंतर चार दिवसांनी मात्र गेले. वहिनी एकट्याच होत्या. साहेबांचं टेबल, पेन्सिली, ब्लेड, सगळं जागच्या जागी. मी बसले नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं... कपाट, घंगाळ, झबली. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बसा बाई. त्यांना ठावं व्हतं."

"कधीपासून?"

"बारशापासून. घरी आल्यावर मला म्हने, माझा चौथा दगड त्या पोरीच्या बाहीवर हाय. शाई पुरती गेली नव्हती म्हने."

म्हणजे ते चार दिवस, ती कपाटं, तो माळा, ती धूळ... सगळं माहीत असताना. कोणाला माझा संशय येऊ नये म्हणून. मी विचारलं, मग बोलले का नाहीत? वहिनी म्हणाल्या, "मी बी तेच इचारलं. म्हने, बोललो तर बाईची नोकरी जाईल. आन् भित तरी कुठं हालनार हाय?"

लोकांना वाटेल, हे ऐकून माझं मन हलकं झालं असेल. नाही झालं. मी साहेबांवर मनापासून रागावले आहे, आणि ज्याच्यावर रागवायचं तो माणूस आता नाही. भिंत हलली नसती हे त्यांना कोणी सांगितलं? हलली असती कदाचित. 'छेद ४' चा तो तुकडा त्या वरिष्ठ साहेबांपुढे टाकला असता, माझं नाव घेतलं असतं, तर त्या म्हाताऱ्या बाईचं घर उभं राहिलं असतं कदाचित. ज्या माणसानं जन्मभर कशाचाही अंदाज केला नाही, प्रत्येक गोष्ट दगडापासून मोजली, त्यानं आयुष्यात एकदाच अंदाज केला आणि तो माझ्यासाठी. मी मागितलं नव्हतं हो हे. अकरा घरांच्या बदल्यात माझी नोकरी, असा हिशेब मला कोणी विचारला असता तर मी काय म्हटलं असतं, ते मला आज छातीठोक सांगता येत नाही. तीच भीती वाटते.

वस्ती आता वरच्या माळावर आहे. वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीसाठी हे लिहिते आहे, ती तिथल्या शाळेत जाते असं ऐकते. साहेबांनी कागद हरवले असं तिथं अजूनही मानतात. तर निंबारखेड्याच्या लोकहो, अहिरेसाहेबांनी काहीही हरवलं नव्हतं. कागद मी धुतले.