तिसऱ्या पानावरची खूण

माझ्या फॉर्मला सात पानं होती. दुसऱ्या पानावर बाईची पाळी, गरोदरपणं, किती टिकली, किती गेली. तिसऱ्या पानावर शेतातलं काम. सहा महिने घासूनपुसून तो फॉर्म मी केला होता आणि मला त्याचा चांगला तोरा होता. आता तो कपाटात तळाशी ठेवलाय.

श्रीगोंदा तालुक्यातल्या द्राक्षाच्या पट्ट्यात आम्ही बायकांची पाहणी करत होतो. बागांवर जी औषधं मारतात, त्यांनी गर्भ पडतात का, कर्करोगाचा धोका वाढतो का, हे बघायचं होतं. त्यासाठी दोन गट हवेत. एक, ज्यांचा औषधाशी संबंध येतो त्यांचा. दुसरा, ज्यांचा येत नाही त्यांचा. दुसऱ्या गटाला बायका मिळता मिळत नव्हत्या. म्हणून एका वस्तीवरची पंचेचाळिशीची बाई भेटली तेव्हा मला कोण आनंद झाला. दोन गर्भ गेलेले, तिसरा मुलगा जगलेला, त्याचं लग्नही झालेलं. पान तीनवर मी विचारलं, फवारणी करता का? ती हसली. ते गडीमाणसांचं काम, म्हणाली. ‘औषधाशी संबंध’ या ओळीवर मी ‘नाही’च्या चौकोनात खूण केली आणि पुढे गेले.

बाई मोठी बोलघेवडी. मला डॉक्टरीणबाई म्हणायची आणि माझ्या चपला बघून दर खेपेला काहीतरी टोमणा मारायची. ह्या घालून ढेकळांत चालता व्हय, सासरी गेल्यासारख्या? तिच्याच ओळखीने वस्तीवरच्या बाकीच्या बायका फॉर्म भरायला बसल्या. खरं सांगायचं तर तिच्यावाचून माझं काम अडलं असतं.

तिसऱ्या खेपेला ती मला जीपपर्यंत सोडायला आली. आजूबाजूला कोणी नाही असं बघून तिने पदराखालून छातीच्या डाव्या बाजूला हात ठेवला. गाठ होती. हरभऱ्याएवढी, दुखत नव्हती. लोक म्हणतात औषधाने गाठी होतात, हे खरं का, असं तिने विचारलं. मला पुढच्या गावी जायचं होतं, ड्रायव्हर घड्याळ बघत होता. मी म्हणाले,

“अहो, तुम्ही फवारणीच करत नाही. तुम्हाला कशाला होईल? तरी एकदा सरकारी दवाखान्यात दाखवून घ्या.”

दुसरं वाक्य मी म्हटलं होतं, हे मी पुढे कित्येकांना सांगितलं. स्वतःला तर रोजच सांगते. पण तिने पहिलंच ऐकलं, आणि मी ते ज्या सुरात म्हटलं होतं, त्यात दुसरं ऐकू यायला जागाच नव्हती.

नंतर आठ महिने मी त्या वस्तीवर गेले नाही. नगरच्या ऑफिसात बसून आकडे भरत होते. पुन्हा गेले ती फॉर्ममधल्या बारीकसारीक गाळलेल्या जागा भरायला. बाई घरात होती. बाहेर हौदाजवळ तिची सून दगडावर कपडे आपटत होती. पुरुषाचा शर्ट, विजार, तोंडाला बांधायचं फडकं. मोरचुदाने निळे पडलेले. वास असा की डोळे चुरचुरले. शेजारी औषधाचा पंप धुऊन उपडा घातला होता. सुनेच्या हाताला कोपरापर्यंत तेच पाणी. मी म्हटलं, हे रोज तूच धुतेस का? ती खाली बघून म्हणाली, रोज नाही, चार दिवस.

मला कळायला वेळ लागायला नको होता. आमच्या घरी माझी आई तीन दिवस खोलीच्या कोपऱ्यात बसून गहू निवडायची. पाळी आलेल्या बाईला स्वयंपाकाला, देवाला, पाण्याला हात लावायचा नसतो, पण रिकामंही बसवायचं नसतं. या वस्तीवर त्या चार दिवसांतलं काम ठरलेलं होतं. फवारणीचे कपडे, पंप, औषधाच्या बादल्या. एरवी घरात कोणी त्यांना शिवत नसे, बाहेर बसलेली कोण आहे ते बघून तिच्यासाठी ढीग राखून ठेवत. आणि मी पाळी दुसऱ्या पानावर विचारली, काम तिसऱ्या पानावर. ते पान उलटताना माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. मूर्ख, मूर्ख बाई मी.

मी घरात गेले. बाई भिंतीला टेकून बसली होती. पदर सरळ होता तरी डावा खांदा खाली झुकलेला दिसत होता. गाठ कुठवर आली ते मला विचारावं लागलं नाही. मी विचारलं ते भलतंच. तुम्हीही धुवायचात का?

“पंचवीस वर्सं,” ती म्हणाली. “तुमी फवारनी इचारली. धुनं कुटं इचारलं?”

त्या आठवड्यात मी तिला स्वतः नगरला नेलं. तिथून पुण्याला. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, उशीर झाला. कपड्यांमुळेच झालं असं मला छातीठोक म्हणता येत नाही, एका बाईवरून तसं म्हणायचंही नसतं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. पण आठ महिने गेले ते माझ्यामुळे. याला कुठला दुसरा गट लागत नाही.

शेवटची भेटले तेव्हा तिने फॉर्म मागितला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिसरं पान तिने बरोबर काढलं. आमच्यात खोडरबर चालत नाही. चुकलेल्या खुणेवर एक आडवी रेघ मारायची, नवी खूण करायची आणि बाजूला सही. मी तिच्यासमोर ‘नाही’वर रेघ मारली, ‘होय’वर खूण केली, सही केली.

तिने त्या खुणेवर बोट ठेवलं. सून दाराशी उभी होती, तिच्याकडे एकदा बघितलं. मग मला म्हणाली,

“आता म्हना, डॉक्टरीनबाई. मला कशाला हुईल ते.”