भिंतीवरचा उजेड

बॅटरीच्या ॲसिडचा उग्र वास आला की मला यशवंतपूरचं आमचं क्वार्टर आठवतं. मला नववा महिना होता. ऐनवेळी गाडीने दगा देऊ नये म्हणून यांनी ती आठवडाभर हलवलीच नव्हती. फक्त दिवसातून चारदा हेडलाइट लावून भिंतीवरचा उजेड निरखायचे. त्या दुपारी कळा सुरू झाल्या आणि गाडी नुसतीच कण्हली. “तपासून तपासून तुम्हीच उतरवलीत की हो बॅटरी!” शेजारचे अण्णा ओरडले आणि ढकलायला धावले. मी गाडीत पदर दातांत धरून बसले. फाटकापाशी इंजिन एकदाचं धडधडलं. त्या दिवशी झालेला लेक परवा प्रवासात होता; मी तासातासाला फोन करत होते, संध्याकाळी लागेना. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, “उतरवलीस ना बॅटरी?”