आतोबांची वजाबाकी

माझ्या आतोबांइतका सिगरेटचा निष्ठावान वकील उभ्या रत्नागिरीत दुसरा झाला नसेल, आणि तेही स्वतःला लहानपणापासून दमा असताना. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस दम्याचं खापर आंब्याच्या मोहोरावर, शेजारणीच्या वाळत घातलेल्या कोळंबीच्या सोड्यांवर, अगदी नव्या कोकण रेल्वेवरही फोडायचा. सिगरेटवर कधीच नाही. पंपाचं औषध ओढलं की पाचव्या मिनिटाला काडी पेटायची. आत्या करवादली की म्हणत, "अगो, रस्ता साफ केलाय, मग गाडी नको का जायला?"

एकदा सकाळी आम्ही दोघं चिपळूणला मुंजीला निघालो होतो. स्टेशनबाहेर त्यांनी निवांत एक सिगरेट संपवली आणि जिन्याच्या मध्यावर मटकन खाली बसले. ओठ काळेनिळे पडले, पंप चारदा ओढला तरी छाती सुटेना. त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. दुपारी त्यांना जरा बोलता येऊ लागल्यावर ती म्हणाली, "सर, दम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्याच असतात. धुराने ती सूज आणखी वाढते, शिवाय ती उतरवायचं औषधही धड लागू पडत नाही."

आतोबांनी नाकावरचा मास्क उचलला. "म्हणजे मी एका हाताने मिळवतोय आणि दुसऱ्या हाताने वजा करतोय?"

"वजाच जास्त होतंय, सर."

हे त्यांना पटलं. घरी आल्यावर सिगरेट सुटली, पण सुटताना पंधरा दिवस ते दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांशी भांडले. न पेटवलेली सिगरेट ओठात धरून पेपर वाचायचे आणि त्यातल्या चुका लाल पेनने दुरुस्त करायचे. पुढे तर विडी ओढणाऱ्या रिक्षावाल्याला थांबवून बेरीज-वजाबाकी शिकवू लागले. दमा गेला नाही, पंपही राहिला; पण चार-पाच महिन्यांनी किल्ल्यावरच्या भगवतीच्या देवळापर्यंत ते एकदाच थांबून चढले, तेही मला धाप लागली म्हणून.

त्या दुपारी जेवून ते ओटीवर आडवे झाले. आत्या माजघरात माझ्याशी बोलत बसली होती; मधेच उठून दोनदा बाहेर डोकावून आली.

"काय गो आत्या?"

"काही नाही रे. इतकी वर्षं त्यांचा श्वास मला इथवर ऐकू यायचा," ती पदराने डोळे टिपत म्हणाली. "आता येत नाही, तर जाऊन बघावंसं वाटतं."